चार्जरचं झबलं

माझा थोरला भाऊ कधी सरळ "हो" किंवा "नाही" म्हणाला असेल, तर ते मी जन्मायच्या आधी. मला आठवतं तेव्हापासून तो फक्त "बघूया" म्हणतो. लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तरी हा म्हणाला "बघूया", आणि मुलीचे वडील तडक उठले. वहिनीनेच त्यांना परत बसवलं. "बघूया म्हणतायत ना बाबा, पळूया तर नाही ना म्हणत?" आता आमचा सगळा रस्ता त्याला बघूयादादा म्हणतो आणि तोही गुमान त्या नावाला ओ देतो.

दुकान आमच्या दोघांचं. एकच गाळा, मधे एक कपाट आडवं टाकलंय. अलीकडे माझं शिलाईमशीन, पलीकडे त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल. मला तो ठिणगी म्हणतो. "वायरीतली ठिणगी परवडली, पण ही नको," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. सांगू दे. दुकानात एकाने तरी तापायला हवं, नाहीतर लोक आमच्या डोक्यावर मिरे वाटतील.

त्याची कामाची एक रीत आहे. मशीन उघडायच्या आधी तो वही उघडतो. डाव्या पानावर गिऱ्हाईक काय म्हणालं ते लिहायचं, त्याच्याच शब्दांत, काना-मात्रा न बदलता. उजवं पान कोरं ठेवायचं. खरं कारण सापडलं की मगच तिथे लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. त्यामुळे डावीकडची पानं वाचायला मोठी मजा येते. "दिवा लागतो पण पोट भरत नाही." "माझ्यावर रुसलाय, मुलाने हात लावला की चालतो." एकाने नुसतंच सांगितलं होतं, "मेला." तेही लिहिलंय.

आता माझं प्रकरण. गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या चार्जरचा तो काळा ठोकळा पिशवीत आपटून तडकला. मला वाईट वाटलं. माझ्याकडे चिंध्यांना तोटा नाही, कापूस पडून होता, म्हणून मी ठोकळ्याच्या मापाचं एक झबलं शिवलं. आत कापसाचा जाड थर, वर फुलाफुलांचं कापड, कडेला बटण. इतकं गोजिरवाणं दिसलं की पुढच्या गिऱ्हाइकाने मागून घेतलं. मग काय विचारता! दादाकडे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक चार्जरला माझ्याकडून झबलं भेट. लोक कौतुक करायचे, मी वरवर "असू दे हो" म्हणायची आणि मनातून फुगायची.

उन्हाळा लागला आणि गणिताच्या बाई आल्या.

या बाईंनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा शाळा सुटली, पण शिकवणं सुटेना. आता त्या घरी बसून, लॅपटॉपवर, लांबलांबच्या मुलांना शिकवतात. सकाळी ओळीने चार वर्ग, तीन तास. त्यांचा लॅपटॉप जुना, जाडजूड. त्याला नवी बॅटरी घातली तरी चार्जर काढल्यावर जेमतेम अर्धा तास टिकायचा. त्यांच्या चार्जरला मी हिवाळ्यातच झबलं घातलं होतं. आणि त्यांची तक्रार दादाने लिहून घेतली ती अशी: "तुमच्याकडे शहाण्यासारखा वागतो, माझ्या वर्गात मधेच खाणं सोडतो."

दादाने त्यांच्यासमोर चार्जर लावला. दोन तास ठेवला. पठ्ठ्या व्यवस्थित चार्ज झाला. बाई घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्गात पडदा काळा. दादाने बॅटरी बदलली. दुकानात उत्तम, घरी तेच. चार्जरची पिन जिथे बसते ती जागा साफ केली. तेच. शेवटी चार्जरच नवा दिला, आणि बाईंना इतका त्रास झाला म्हणून मी त्या नव्या चार्जरला नवं झबलं घातलं. आधीपेक्षा जाड. पांढरी फुलं, निळी कडा. काय ती हौस माझी!

पाचव्यांदा आल्या तेव्हा बाईंचा आवाज उतरला होता. "शनिवारी वर्ग चालवणाऱ्यांकडची परीक्षक माझ्या वर्गात बसणार आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा मधेच बंद पडलं तर मुलं दुसऱ्या कुणाकडे देतील. चूक त्यांची नाही. पण मग मी सकाळी उठून करू काय?"

 मला कुणाचं वाईट वाटलं की राग येतो. "बाई, तुमच्या घरची वीजच वाकडी असेल," मी कपाटाआडून म्हटलं. "दादाने बदलायचं काय शिल्लक ठेवलंय?"

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "पण मग विजेची किटली बरी चालते."

दादाने वही मिटली. "शनिवारी मी येऊन बसतो. तोवर काहीही बदलायचं नाही. रोज जसं लावता तसंच लावायचं." मग म्हणाला, "बघूया."

मीही गेले. दादावर ठपका आला तर भांडायला कुणीतरी हवं ना!

बाईंची खोली छोटी, नीटनेटकी. टेबलावर लॅपटॉप, शेजारी खडूंचा डबा. खडू आता लागत नाहीत, पण असतात. चार्जर पायांशी, पांढऱ्या फुलांच्या झबल्यात. पडद्यावर मुलांचे चेहरे आणि एका कोपऱ्यात चष्मेवाली परीक्षक. आम्ही दाराजवळ स्टुलांवर चिडीचूप बसलो. पहिला वर्ग झाला. दुसरा सुरू झाला. बाई अपूर्णांक शिकवत होत्या आणि काय शिकवत होत्या! मी आयुष्यभर कापडाची पाव-पाऊण मापं काढली, पण ती अशी कळली नव्हती. परीक्षकसुद्धा मान डोलवत होती.

आणि लॅपटॉपच्या कडेचा दिवा विझला.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, पण आवाज तसाच चालू. दादा गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली शिरला. भिंतीतली पिन दाबून पाहिली. वायर बोटांतून सरकवत आला आणि ठोकळ्यावर तळहात ठेवला. ठेवला आणि झटक्यात काढला. मग बटण सोडून झबलं उतरवलं. आतला ठोकळा तव्यासारखा तापला होता. त्याने तो गार फरशीवर ठेवला आणि वहीने वारा घालायला लागला.  फार तापला की चार्जर स्वतःला वाचवायला बंद पडतो, एवढं मला दादाजवळ बसून बसून ठाऊक होतं. आणि त्याला भर उन्हाळ्यात रजई कुणी पांघरली होती? मी! रस्त्यातल्या किती घरांत पांघरली होती देव जाणे.

दादा वीस-पंचवीस मिनिटं वारा घालत राहिला. मी पडद्यावरचा आकडा बघत राहिले, वीस टक्के, सतरा, बारा. नऊवर दिवा परत लागला. बाईंनी अपूर्णांक पुरे केले, मग उरलेले दोन्ही वर्गही घेतले. मधे काय घडलं ते एकाही पोराला कळलं नाही.

दादाने बाईंना इतकंच सांगितलं, "त्याला हवा लागत नव्हती. आता लागेल." झबलं त्याच्या खिशात होतं.

रस्त्यात मी पेटले. "बोल ना! शिव्या घाल मला! पाच चकरा मारल्या त्या बाईंनी, तुझं नाव खराब झालं, आणि माझ्या फुलाफुलांपायी!"

"चहा घेऊया का?" दादा म्हणाला.

रविवारी मी एकटी घरोघर फिरले. बेल वाजवायची, "चार्जरचं झबलं परत द्या, माझ्या हातून चूक झाली," म्हणायचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लोक चांगले. एक आजोबा म्हणाले, "तरीच! मी रोज त्याच्यावर बर्फाची पिशवी ठेवत होतो." संध्याकाळी माझ्याकडे सतरा झबली जमली.

सोमवारी बाई काठी टेकत दुकानात आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. "वर्ग राहिला," त्या म्हणाल्या. "आणखी एक तुकडी देतायत." दादा इतका हसला की त्याला "बघूया" म्हणायचंही सुचलं नाही. मग बाई म्हणाल्या, "माझ्या तक्रारीचं उत्तर दाखवा. उजवं पान."

दादा वही सरकवेना. बाईंनी हात पुढेच धरला. तीस वर्षं पोरांच्या वह्या काढून घेतलेला हात तो. मी कात्री खाली ठेवली. आता सगळ्यांदेखत माझा उद्धार होणार, होऊ दे एकदाचा.

बाईंनी मोठ्याने वाचलं. "कारण: ठोकळ्याला जाड कापडाचं कव्हर, त्यामुळे तापून बंद. दुकानात दोष दिसला नाही, कारण तपासताना दर वेळी मी कव्हर काढून ठेवत होतो. हात तेलकट असतात, बहिणीचं शिवणकाम खराब होऊ नये म्हणून. चूक माझी."

कपाटाच्या वरच्या फळीवर एक स्वच्छ रुमाल कायम अंथरलेला असायचा. तो कशासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"अरे, मग हात धुवायला काय झालं होतं तुला?" मी ओरडले. ओरडता ओरडता रडले, ते वेगळं.

"धुतले तरी डाग लागतो गं," दादा म्हणाला. "पांढरी फुलं होती."