आईची सॅक भरताना राहिलेलं

सॅक भरायची म्हटली की मी घरात कुणाचं ऐकत नाही. पंधरा वर्षं सह्याद्रीत हिंडतेय. पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाताना कपड्यांच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या, थंडीत गगनबावड्याला कानटोपी, उन्हाळ्यात बाकी काही असो-नसो, पाणी. हे मला तोंडपाठ. पण हिमालयाची यादी बघून माझंही डोकं गरगरलं. जून महिना, आणि गॉगल, रेनकोट, लोकरीचे हातमोजे, सगळं एकाच सॅकमध्ये!

त्यातनं ही सॅक आईची. वय बासष्ट, सगळा जन्म जयसिंगपूरजवळच्या मळ्यात गेलेला, बर्फ पाहिला तो फक्त फ्रिजमधला. "एकदा हाताला लागू दे की गं," एवढंच ती म्हणाली होती. मी तिला सहा महिने कोल्हापुरात, राजारामपुरीत माझ्याकडं ठेवून घेतलं आणि रोज टेंबलाईची टेकडी चढायला लावली.

पलंगावर पसारा मांडला, तर ती एकेक वस्तू उचलून विचारत बसली.

"ह्ये कवा घालायचं?"

"सकाळी."

"आणि ह्ये जाडजूड?"

"ऊन गेलं की."

"आगं बाई! वरसभराची कापडं एका दिवसात?"

आम्ही जैन. दिवस मावळला की आई अन्नाला शिवत नाही. मी ते कधीच सोडलंय, रात्री नऊला टीव्हीपुढं ताट घेऊन बसते, आणि त्यावरनं ती मला एका शब्दानं बोललेली नाही. तिच्यासाठी मात्र मी सगळं चोख केलं होतं. कांदा, लसूण, बटाटा नको हे ट्रेकवाल्यांना आधीच कळवलेलं. तिथं सूर्य सव्वासातला मावळतो हे बघून तिचं जेवण सहाला सांगितलेलं. काही म्हणजे काही राहिलं नाही, अशी माझी ऐट होती.

ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी आमचे तंबू एका खोल दरीत पडले. साडेचारला सूर्य समोरच्या डोंगराआड गेला आणि दरी एकदम गारठली. आईनं बाटलीतलं पाणी प्यायलं, हात जोडले आणि तंबूत जाऊन बसली.

"अगं, साडेचार वाजलेत! पावसाळ्यात घड्याळ बघून जेवतेसच की!"

"ढगामागं सूर्य असतोय. ह्यो गेला डोंगराखाली."

सकाळी अकरानंतर तिच्या पोटात काही नव्हतं. ट्रेकच्या म्होरक्यानं मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, आज उपाशी राहिल्या तर उद्या बर्फापर्यंत नेणार नाही, खेचरवाल्याबरोबर खाली पाठवीन. त्याचं बरोबरच होतं. माझंच टाळकं फिरलं. मी आईवर ओरडले, सहा महिने टेकडी चढलीस ती कशाला, म्हणून. तिचे डोळे भरलेले दिसले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

सहाला आचाऱ्यानं वरण-भात आणून ठेवला. आई पाय मोकळे करायला म्हणून बाहेर आली आणि मान वर करून तशीच उभी राहिली. मीही बघितलं. दरीत आमच्यावर गार सावली पडलेली, आणि वर, पार वर, बर्फाचं शिखर उन्हात लखलखत होतं. एवढं मोठं, एवढं उजळ काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. सकाळपासून ते तिथंच होतं, आणि मी खाली बुटांकडं बघत चाललेले.

आई हळूच म्हणाली, "दिवस मावळला न्हाय गं. आपणच लई खाली हाय."

ती दगडावर बसली आणि ताट मांडीवर घेतलं. एरवी घास मोजत जेवणारी बाई भराभरा जेवत होती, नजर शिखरावरनं काढत नव्हती. खालच्या कड्यावरनं सावली चढत चाललेली. मी शेजारी उभीच होते.

"तू बी बस की," ती म्हणाली. "दिवस हाय तवर."

मी बसले. किती वर्षांनी आम्ही दोघी संध्याकाळचं दिवसाउजेडी जेवत होतो, मला आठवेना. आईनं ताट पुढं केलं.

"आणि भात वाढ. उद्या तितं जायाचं हाय मला."