भुरूच्या गळ्यातलं दावं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले आणि मनात हा विषय आला, की मी घाईघाईनं पुढच्या देवाला नमस्कार करते. देवाला काय माहीत नसतं? पण स्वतःच्या तोंडानं सांगणं वेगळं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित आज जमेल.

आधी एक सांगायला हवं — मला सामान बांधता येतं. त्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही. डब्यात डबा, पातेल्यात पातेलं. ट्रंकेला एकच दोर असा आवळीन की वाटेत चमचासुद्धा वाजणार नाही. नवरा म्हणतो, हिला सांगा, ही पिशवीत हत्ती बसवील. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

पाच वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि अण्णा — माझे सासरे — हसनाबादच्या घरात एकटे पडले. जालन्याला चला, म्हणून आम्ही त्यांच्या मागे लागलो. ते एकाच अटीवर तयार झाले. त्यांची काळी सायकल आणि भुरू, दोघं बरोबर येणार. भुरू म्हणजे त्यांचा कुत्रा, मातकट रंगाचा, सासूबाईंच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. मीच छातीठोकपणे म्हटलं, काळजी करू नका अण्णा, दोघांनाही मी नीट आणते. शब्द मी दिला होता, दुसऱ्या कुणी नाही.

शेजाऱ्यांची छोटी व्हॅन मागून घेतली. मागची सीट काढली, तरी जागा ती केवढी? अण्णांची सायकल, माझ्या मुलीची गिअरची सायकल — कॉलेजच्या सुट्टीत गावी नेऊन तिथंच टाकलेली — गोधड्यांचं गाठोडं, पापड-कुरडयांचे डबे, आणि कुत्रा. अण्णा म्हणाले, सायकली आडव्या घाला. मी म्हटलं, उभ्याच राहतील. आडव्या घातल्या तर डबे काय माझ्या डोक्यावर ठेवू? भुरूला मात्र त्यांनी स्वतः बांधलं, मधल्या सीटच्या पायाला. वासराच्या दाव्याला मारतात तशी पक्की गाठ, आणि दावं एवढं मोकळं की त्याला उठता-बसता यावं. "जनावराच्या गळ्यात सरकफास घालू न्हाई, माय," ते बोलता बोलता म्हणाले आणि मारुतीला नारळ फोडायला गेले.

तेवढ्यात भुरूनं गोधडीला तोंड घासलं. लाळ, केस — माझं डोकंच फिरलं. मी ती गाठ सोडली. त्याला सायकलींच्या पलीकडे, कोपऱ्यात ढकललं. मग तेच दावं दोन्ही सायकलींच्या दांड्यांतून ओवलं आणि त्याच्या गळ्यात — कसं सांगू? — ट्रंकेला घालते तसा फास घातला. ओढला की आवळणारा. एका दोरात दोन कामं. सायकली उभ्या, कुत्रा जागेवर. अण्णा परत यायच्या आत मी मागचं दार लावून टाकलं. स्वतःचं कौतुकच वाटलं मला.

एवढंच असतं तर अडाणीपणा म्हणता आला असता. पण एवढंच नाही.

राजूरच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या. नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला आणि मागे सायकली कलंडल्या. अण्णा पुढे नवऱ्याशेजारी. त्यांना ऐकू कमी येतं. मी मधल्या सीटवर होते. माझ्या पाठीमागे, जेमतेम हातभर अंतरावर, पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज यायला लागला. भुंकणं नाही, विव्हळणं नाही. नुसती नखं.

मला कळलं का? कळलं. त्याच क्षणी कळलं. "थांबवा" — एवढाच तर शब्द. पण थांबवलं की मागचं दार उघडणार, अण्णांना तो फास दिसणार, आणि ते माझ्याकडे बघणार. मी त्या बघण्याला भ्याले. राजूर जवळच आहे, तोवर काही होत नाही, असं मनाला सांगत राहिले. नवऱ्यानं विचारलं, "काय वाजून राह्यलं गं मागं?" मी म्हणाले, "सायकल असंल. चला तुम्ही."

मग आवाज थांबला. तेव्हा तर मी आणखीनच भ्याले.

राजूरला गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. गाडी थांबताच सगळ्यांच्या आधी मी मागे धावले. फास सोडवला, पण भुरूत जीव उरला नव्हता. दावं सीटच्या पायाला कसंबसं गुंडाळलं, त्याला तिकडे ओढलं. हे सगळं उरकलं आणि मगच मी ओरडले.

अण्णा बराच वेळ त्याच्या मानेवरून हात फिरवत होते. "आखूड बांधलं काय मी?" ते स्वतःशीच म्हणाले. मी कलंडलेल्या सायकली सरळ करायला लागले.

अण्णा आता विसरायला लागलेत. जेवण झालं का, वार कोणता, समोरचा माणूस कोण — काही धरून ठेवता येत नाही. हे मात्र विसरत नाहीत. मी भाजी निवडत असले की समोर येऊन बसतात. "माय, ती गाठ मीच बांधली व्हती ना?" दर वेळी वाटतं, आपण दावं मोकळं सोडलं होतं, हे आज आठवलं की काय यांना? मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून अंदाज घेते. मग म्हणते, "हो अण्णा, तुम्हीच." पहिली गाठ त्यांचीच होती, नाही का? त्या अर्ध्या खऱ्याच्या आडोशाला मी पाच वर्षं बसलेय. डॉक्टर म्हणाले, यांचं विसरणं वाढतच जाणार. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? सुटले, असं आलं.

गेल्या रविवारी मुलगी बाळाला घेऊन आली. दोन महिन्यांची पोर, अण्णांची पहिली पणती. तिनं बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला पुढे केलं, तसे ते मागे सरकत सरकत भिंतीला टेकले आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको माय. ह्या हातानं मुकं जनावर मेलं. लेकराला दूर ठिव."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाळ झोपलेलं होतं, कसली घाईही नव्हती. मी उठले, तिच्या हातातून बाळ घेतलं आणि आतल्या खोलीत निघून गेले.