नाकापेक्षा जड मोती

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एका गोष्टीसाठी जगभर ओळखले जातात आणि ती गोष्ट घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. ते एका ग्रंथालयात तळमजल्यावर जुनी पुस्तकं स्कॅन करतात. स्कॅन केलेलं पान बहुतेक वेळा वाकडं येतं. भावोजींनी अकरा वर्षांपूर्वी ते सरळ करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला: फुकट वापरा, आतला कोड वाचा, सुधारणा सुचवा. नऊशे ओळींचा प्रोग्रॅम. वाकडं पान सरळ करतो, बस्स.

इंटरनेटवर त्या प्रोग्रॅमचं पान आहे, तिथे एक सूचना आहे. ‘नवी सोय हवी असेल तर आधी विचारा. बांधून आणू नका.’ मी ती वाचली आणि परक्यांसाठी आहे असं ठरवलं. मीही प्रोग्रॅमरच, त्यातून त्यांच्या बायकोचा भाऊ. घरच्या माणसाने बेल कशाला वाजवायची?

दोन महिने खपून मी समास कापायची सोय केली. डाग पुसायचीही केली. पान आपोआप मेलने पाठवायचीही केली, कारण हात लागलाच होता. एकूण चार हजार ओळी झाल्या, त्या भावोजींना पाठवून दिल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं, पण तेव्हा मला फक्त मोती दिसत होता.

भावोजींनी आठवड्याने उत्तर दिलं. काम स्वच्छ आहे, मेहनत दिसते, पण हा प्रोग्रॅम पान सरळ करण्यापुरताच आहे; वेगळा प्रोग्रॅम काढलास तर मी स्वतः लोकांना त्याचा पत्ता देईन. इतका सभ्य नकार मला आयुष्यात मिळाला नव्हता, म्हणून मी जास्तच चिडलो आणि तडक ताईकडे गेलो.

“अहो, एवढा राबलाय तो,” ताई म्हणाली. “घ्या की. तुमचं काय जातंय?”

भीड भिकेची बहीण. भावोजींनी घेतलं.

महिन्याभरात मला नवी नोकरी लागली आणि मी त्या प्रोग्रॅमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अभिमान तेवढा बाळगला. चार लोकांत विषय काढून सांगायचो की जगभर वापरतात ते, माझाही हात आहे त्यात.

दोन वर्षांनी ताईचा फोन आला. आवाज बसलेला. “ते प्रोग्रॅम बंद करायचा म्हणताहेत. मीच गळ घातली होती ना त्यांना? तू ये.”

गेलो तेव्हा भावोजी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. समोर एक तक्रार होती: कोणीतरी आपल्या आजोबांची वही स्कॅन केली होती, आणि आजोबांनी पेन्सिलीने समासात लिहिलेलं सगळं कापलं गेलं होतं. वही नंतर रद्दीत गेली होती. भावोजी उत्तर लिहीत होते: ‘क्षमस्व. चूक माझी आहे.’ खाली अशाच अजून चाळीस तक्रारी उघड्या होत्या. पान सरळ होत नाही अशी त्यात एकही नव्हती.

“चूक माझी आहे, भावोजी. तुमची कशी?”

“आत घेतलं मी,” ते म्हणाले. “दारात अडवलं असतं तर तुझी राहिली असती.”

त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. मला फार लाज वाटली.

“मग काढून टाकू का मी सगळं?”

“मला इथे नको विचारूस. सगळे विचारतात तिथे विचार.”

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा एक ओळही न लिहिता आधी विचारलं, प्रोग्रॅमच्या पानावर, चारचौघांसमोर: समास कापणं, डाग पुसणं, मेल पाठवणं काढलं तर कोणाची अडचण होईल का? झाली. तीन आठवडे वाद चालला. एकाने विचारलं, इतकी चांगली सोय काढायला निघालेला हा उपटसुंभ कोण? ती सोय घालणारा मीच, हे मला तिथे कबूल करावं लागलं. ज्यांना हवी होती त्यांच्यासाठी मी वेगळा प्रोग्रॅम काढला. त्याच्या तक्रारी आता मलाच येतात, आणि पुष्कळ येतात.

मग मी चार हजार ओळी काढलेला कोड पाठवला. भावोजींनी तो त्याच दिवशी घेतला. बंद करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि ताईने पुन्हा कोणाची शिफारस केली नाही.

कोणी किती काम केलं याची यादी प्रोग्रॅमच्या पानावर असते. माझ्या नावापुढे घातलेल्या ओळी चार हजार, काढलेल्या ओळी चार हजार असं दिसतं. हिशेब चोख वाटतो. माझ्या तक्रारी निस्तरण्यात गेलेली भावोजींची दोन वर्षं मात्र त्या यादीत कुठेच दिसत नाहीत, आणि ती मला परतही देता येत नाहीत.