गळ्याच्या उंचीची तार

सायकलवर बसलेल्या बाईचा गळा जमिनीपासून किती वर असतो, सांगाल? नाही सांगता येणार. मापायची वेळच आली नसेल तुमच्यावर. उर्झिका नदीच्या खोऱ्यात एकाने ते माप घेतलं, जंगलातल्या उतारावर बीच जातीच्या दोन झाडांमध्ये बारीक पोलादी तार ताणली, आणि घरी जाऊन दुधात मक्याच्या पिठाची मामालिगा कालवून खाल्ली.

सकाळी साफ्ता तोद्या त्या उतारावरून सुसाट आली. तार गळ्याला लागली नाही, कपाळाला लागली. हेल्मेटची कड उचकटली, कातडी केसांपर्यंत सोलली गेली, सायकल पुढे गेली आणि बाई मागे खडीवर आपटली. गळ्याखालचं हाड काडीसारखं मोडलं. डोळ्यांत रक्त उतरलेलं, तरी ती चाचपडत तारेपर्यंत गेली, तारेपुढे ताठ उभं राहून बघितलं, आणि हसली. कारण तिला कळलं होतं. तार बांधणाऱ्याने मापलेला गळा टपालवाल्या साफ्ताचा होता.

टपालवाली साफ्ता म्हणजे जुनी गोष्ट. तेव्हा तिच्याकडे सरकारी सायकल होती, म्हशीसारखी जड, आणि तिच्यावर ती पाटलिणीसारखी ताठ बसायची. खोऱ्यातला प्रत्येक कुत्रा तिला एकेकदा चावला होता आणि प्रत्येकाने एकेकदा तिच्या बुटाची लाथ खाल्ली होती. हिशोब मिटलेला. नवरा स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेला, त्याची पत्रं ती स्वतःच्याच पिशवीतून स्वतःच्याच दाराशी आणायची. आधी पत्रं थांबली, मग टपालच थांबलं. खोऱ्यात माणसं उरली नाहीत, परवडत नाही, असं वरून कळवलं. सायकलसुद्धा काढून नेली.

पुढे एकदा क्लुज शहरातला एक पोरगा चेन तुटली म्हणून तिच्या दाराशी बसला. त्याची सायकल तिने आधी कधी बघितली नव्हती. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर रुंद, खडीवर पकडून धरणारे. चेन तिने खिळा आणि हातोडी घेऊन जोडली, आणि मजुरी म्हणून सायकलवर एक फेरी मागितली. परत आली ती संध्याकाळी. पोरगा रडकुंडीला आलेला.

"बाई, मला वाटलं गेली सायकल."

"तू रस्त्याने आलास ना? मूर्ख आहेस. रस्ता जंगलातून आहे."

त्या जंगलातल्या रस्त्यांनीच तिला पुन्हा पोटापाण्याला लावलं. नदीकाठाने लाकूड वाहणारी एक छोटी आगगाडी पूर्वी धावायची, रूळ कधीच चोरीला गेले, पण बांध शाबूत होता. बांधावरून नदीच्या संगतीने वर, मग बीचच्या जंगलातून खडीच्या वाटेने माथ्यावरच्या कुरणांत, आणि उलट बाजूने खाली लाकडी पुलाशी. साफ्ताने दरडी उपसल्या, झाडांवर पांढरे पट्टे मारले. शहरातली मंडळी टोळक्यांनी यायला लागली. गवताच्या माळ्यावर झोपायची, मेंढीचं चीज खायची, बायकांकडून बोरांचा मुरंबा न्यायची. साफ्ताने वापरलेली का होईना, पण मेंढ्याच्या शिंगांची सायकल घेतली. तिच्यावर माणूस वाकून बसतो. डोकं खाली, गळा खाली. तार बांधणाऱ्याला एवढंच माहीत नव्हतं.

आता खडी कुणी टाकली होती, तेही ऐका. नेचिताने. खालच्या अंगाला त्याची लाकडाची गिरणी, आणि त्याच्या ट्रकांसाठी ती खडी. जंगल गावाच्या सामाईक मालकीचं. झाड तोडायचं तर वनरक्षक आधी बुंध्यावर शिक्क्याची हातोडी मारतो, आणि झाड गेलं तरी जमिनीत उरलेल्या खोडावर तो गोल शिक्का राहतो. नेचिताच्या तोडीतल्या खोडांवर शिक्का नव्हता. गावाला माहीत होतं. गाव तिकडे जातच नव्हतं, म्हणजे बघायला नको. पण शहरी माणसाला खोडाचाही फोटो लागतो. फोटो फिरले, एक दिवस वरचे लोक आले आणि नेचिताचे दोन ट्रक अडकवून गेले.

नेचिता साफ्ताच्या फाटकाशी आला. आडदांड माणूस, बोलायचा मात्र पाद्र्यासारखा हळू.

"टपालवाले, तुझे पट्टे पुसून टाक. दुसरी दरी बघ. डोंगर काय कमी आहेत?"

"तू दुसरं जंगल बघ ना. तुझ्या बापाचं आहे का एखादं?"

"पुढच्या रविवारी म्हणे मोठी टोळी येतेय."

"येतेय. तूही ये. पोट आत जाईल."

"जीभ तुझी," नेचिता म्हणाला, "एक दिवस तुझ्याच हातात देईन." आणि तिच्या आईला अदबीने टोपी काढून नमस्कार करून गेला.

आईला नमस्कार करण्याचं कारण होतं. दोमनिका म्हातारी खोऱ्यातली शेवटची तुल्निक वाजवणारी. तुल्निक म्हणजे माणसापेक्षा लांब लाकडी तुतारी, या डोंगरांत ती बायकाच फुंकतात. आग लागली तर एक हाक, जनावर हरवलं तर दुसरी. आणि कुणी मेलं तर तिसरी, खालच्या सुरातली, श्वास संपेपर्यंत लांबवलेली. ती ऐकली की बाप्यांनी हातातलं टाकून टोपी काढायची, आणि प्रत्येक घरातलं एक माणूस आवाजाच्या दिशेने निघणार. कोण गेलं हे वाटेत विचारायचं नाही. वैरी असला तरी जायचं. ही हाक खोटी फुंकली तर फुंकणारीच्या घरचं माणूस जातं, असं सगळे मानतात.

अशी बाई नेचिताने पहाऱ्याला कशाला बसवली होती? वनरक्षक येताना दिसला की हरवलेल्या जनावराची हाक द्यायला. बदल्यात घरात हिवाळाभर जळण. साफ्ता जंगल वाचवायला निघाली होती आणि तिच्याच चुलीत ते जंगल जळत होतं. दोघी यावर बोलत नसत. थंडी सगळ्यांनाच वाजते.

तारेनंतर कपाळाला टाके आणि खांदा फडक्याने आवळलेला, अशी साफ्ता घरी पडून होती. धाकटा भाऊ ग्लिगोर आला. तो नेचिताकडे घोड्यांनी ओंडके ओढायचा. शिवाय त्याच्या लग्नात नेचिताच धर्मबाप उभा राहिला होता, आणि आमच्याकडे धर्मबाप जन्मदात्याच्या वर. ग्लिगोर उंबऱ्यातच थांबला. हातात चीजचा गोळा.

"ये की आत. तार नाहीये दारात."

"ताई, फार लागलं का गं?"

"फार नाही. तू कमी उंची सांगितली असतीस तर लागलं असतं."

चुलीपाशी म्हातारीचा हात पातेल्यात थांबला.

"त्याने सहज विचारलं," ग्लिगोर म्हणाला. "ती बसते तेव्हा कुठपर्यंत येते म्हणून. मी छातीवर हात ठेवून दाखवलं. मला वाटलं, फाटक बसवतोय."

"गळ्याएवढं फाटक. बैलांना सायकली घेतल्यात का त्याने?"

"मी काय करू, तूच सांग. धर्मबाप आहे तो माझा."

साफ्ताने चांगल्या हाताने उशाचा दुधाचा लोटा उचलला आणि भावाच्या तोंडावर फेकून मारला. नाक फुटलं. दूध आणि रक्त मिसळून सदऱ्यावर ओघळलं. तो पुसायलाही थांबला नाही. चीज मात्र उंबऱ्यावर नीट ठेवून गेला.

"मुलगा आहे माझा तो," दोमनिका म्हणाली.

"आणि मी कोण, शेजारीण?"

म्हातारीने जळणाचं एक लाकूड उचललं, बराच वेळ हातात धरलं, आणि चुलीत न घालता परत ठेवलं.

रविवारची टोळी साफ्ताने रद्द केली नाही. एकदा हा रस्ता सोडला तर परत मिळणार नाही, आणि रस्ता गेला की खोरं गेलं, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. पण तिच्या भरवशावर येणाऱ्या पोरांचे गळे कापले गेले तर? म्हणून शनिवारी ती एकटी निघाली, एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात हेझलच्या झुडपाची लांब काठी समोर उभी धरून. गवत कापणीचे दिवस. समोरच्या उतारांवर घरोघरची माणसं विळे चालवत होती. त्यांच्या वर, कुरणाच्या टोकाला, जिथून पूल दिसतो तिथे, दोमनिका तुतारी घेऊन बसलेली, नेचिताच्या पहाऱ्यावर.

काठीला एक तार लागली. साफ्ताने ती पकडीने तोडली, गुंडाळून खिशात घातली. पुलाशी आली तर तिथे नेचिता, गिरणीतले दोन गडी, आणि घोड्यांचे लगाम धरून ग्लिगोर.

"काय शोधतेस, टपालवाले?"

तिने तारेचं वेटोळं त्याच्या छातीवर फेकलं. "तुझं पत्र. पत्ता चुकला होता, परत आणलं."

नेचिताने गड्यांना मान हलवली. ओंडके ओढायला लोखंडी चोचीचा लांब दांडा असतो, त्या दांड्याचा पहिला फटका सायकलवर बसला, दुसरा तिच्या गुडघ्यावर. ती पडली. मग बुटांची पाळी आली. बरगड्या मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. एकाने सायकल कठड्यावर आपटून तिची शिंगं मोडली. दुसऱ्याने साफ्ताला केसांना धरून उतारावरून ओढलं, टाके उसवले, आणि नेचिताने तिला उर्झिकेच्या पाण्यात ढकलून मोडक्या हाडावर बूट ठेवला. पाणी गुडघाभर. तेवढं पुरतं. तिने त्याच्या पोटरीला दात रोवले, त्याने टाच तोंडावर मारली. दोन दात पाण्यात गेले.

"धर्मबाबा, पुरे आता," ग्लिगोर म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

"घोडे सांभाळ."

बूट खाली दाबला गेला. साफ्ताला पाण्यातून आभाळ दिसत होतं, हिरवं, हलणारं. आणि तेवढ्यात वरून तुतारी वाजली. जनावराची हाक नव्हती. खालच्या सुरातली, श्वास संपेपर्यंत लांबवलेली.

काय घडलं ते दुसऱ्या मुलखातल्या माणसाला खरं वाटणार नाही. ते दोघे गडी, हात रक्ताने भरलेले, त्यांनी दांडा खाली टाकला आणि टोप्या काढल्या. नेचितानेही काढली. बाईच्या छातीवर बूट तसाच, टोपी पोटाशी, आणि मान वर करून त्याने विचारलं, "कोण गेलं?"

ग्लिगोरची टोपी डोक्यावरच राहिली. फुंकणारी त्याची आई होती, म्हणजे आई जिवंत. तो स्वतः इथे उभा. त्या घरात तिसरं माणूस एकच, आणि ते धर्मबापाच्या बुटाखाली होतं. आई कुणाचं मरण वरून बघतेय, हे त्याला कळलं. खडीत पडलेला दांडा त्याने उचलला.

चोच मानेत घुसली. नेचिता पाण्यात गुडघ्यांवर बसला, टोपी सोडली नाही. ग्लिगोरने दांडा उपटला आणि पुन्हा हाणला, आणि पुन्हा, आवाज बंद झाल्यावरही. गडी पळाले नाहीत. टोप्या काढलेल्या तशाच उभे राहिले. साफ्ता पाण्यातून वर आली ती लाल पाण्यातून, आणि पहिल्यांदा तिने काय केलं असेल, तर भावाचा दांडा धरला. "बस कर," म्हणाली. "मेलाय तो. किती वेळा मारशील?"

मग गाव आलं. हातात विळे, टोप्या काढलेल्या, कुणी कुणाला विचारत नव्हतं. पुलाकडे यायची जवळची वाट नेचिताच्या तोडीतून होती, ती सगळी माणसं त्या उघड्या डोंगरावरून, बिनशिक्क्याच्या खोडांमधून चालत आली होती. ज्यांनी बघायचं नाही ठरवलं होतं, त्यांना मरणाने बघायला लावलं. ग्लिगोर दगडावर बसून घोड्यांना हाका मारत होता. घोडे रक्ताच्या वासाने केव्हाच पळाले होते.

न्यायालयात दोमनिकाला विचारलं, हाक कुणासाठी दिली.

"मुलीसाठी," ती म्हणाली. "जरा लवकर दिली, एवढंच."

ग्लिगोर तुरुंगात आहे. धर्मबापाला मारणाऱ्याचं नाव चर्चमध्ये प्रार्थनेत घेत नाहीत, म्हातारी पाद्र्याच्या पाया पडली तरी त्याने घेतलं नाही. खोट्या हाकेने आपल्याच घरचं माणूस नेलं, असं ती मानते, आणि तिला कुणी समजावू शकत नाही. तुतारी तिने पुन्हा तोंडाला लावली नाही. गिरणी नेचिताचा पुतण्या चालवतो. बिनशिक्क्याची खोडं कमी झालीत, संपली नाहीत. तारा अजून सापडतात.

साफ्ता लंगडते, पण सायकलवर लंगडणं दिसत नाही. त्या रविवारची टोळी पुलावर फुलं ठेवून परत गेली होती. पुढच्या उन्हाळ्यात तीच माणसं आली, आणि ती त्यांच्यापुढे होती. दातांबद्दल विचारलं तर म्हणते, "टपालात हरवले." प्रत्येक सायकलच्या हँडलला ती स्वतः हेझलची काठी उभी बांधते, डोक्याहून हातभर वर जाईल अशी. तार आलीच तर आधी काठीला लागते.

तुम्हालाही जंगल आवडतं, नदी आवडते, खडीवर टायरचा आवाज आवडतो, ठाऊक आहे मला. मग या. काठी बांधल्याशिवाय उतार उतरू नका. आणि वाटेत जे जे खोड दिसेल तिथे पाय टेका, खाली वाका, शिक्का शोधा. नसला तर त्या खोडाजवळून गप्प पुढे जाऊ नका.