रामनगरला मुगीचं वाचन तपासायला

नव्वदच्या दशकातली काशीची गोष्ट. नात मुगी चौथीत होती. गंगेपलीकडे रामनगरात काही बाया पोरांना वाचायला लावून पाहतात आणि ज्याला जेवढं येतं तिथून पुढे शिकवतात, असं शेजारणीने सांगितलं. मुलगा दिनकर म्हणाला, "ने. पण वाचता येत नसेल तर शाळा बंद. घरात तान्हं आहे, तिच्या आईला मदत होईल." तो बोलला की करतो. 

आमच्या मंगला गौरी घाटाहून जाणाऱ्यांनी सकाळीच निघावं. मैदागिन चौकापर्यंत पायी, तिथून लंका मोहल्ल्यापर्यंत टेम्पो, पुढे सामनेघाटावरून नाव. भाडं चढण्याआधी ठरवा. मधल्या धारेत मल्लाहाशी भांडणारा मूर्ख. आषाढातलं गढूळ पाणी काठोकाठ होतं. मी मुगीचा दंड धरून बसले.

"आजी, दुखतंय."

"दुखू दे. बुडण्यापेक्षा बरं."

मल्लाह हसला. "गंगा मइया हैं, माताजी, डर काहे का?"

"मइया हैं, मगर लिया हुआ लौटाती नहीं."

उतरल्यावर कुल्हडातली लस्सी घेतली. वर बोटभर मलाई, चुकवू नका. सहज दुकानाच्या पाटीकडे बोट केलं, "काय लिहिलंय गं?" मुगीने आधी मडक्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "दही." पाटीवर दुकानदाराचं नाव होतं. दुसरीत शाळा सुटलेल्या मलाही ते वाचता आलं. 

धर्मशाळेच्या ओसरीत एका बाईंनी तिला कार्ड दिलं. त्यावर बकरीची गोष्ट, चार ओळींची. मुगीने बोट ठेवलं आणि धडाधडा शाळेच्या पुस्तकातला हिमालयाचा धडा म्हटला. बाईंनी कार्ड हळूच उलटं केलं. पोरीचं बोट फिरतच राहिलं, हिमालयही चालूच. आमच्या घरी पोरं बोलू लागली की स्तोत्रं पाठ करतात. हिने पुस्तकही तसंच गिळलं होतं. शाळा दरवर्षी वर ढकलत गेली.

"फेल?" मी विचारलं.

"यहाँ फेल-पास नहीं होता, अम्मा. अक्षर से शुरू करेगी, छोटे बच्चों के साथ. हर इतवार ले आइए."

परतीच्या नावेत मुगी कानाशी लागली, "आजी, बाबांना सांगू नको ना." मला पाण्याकडे बघायचं सुचलंच नाही. घराचं दार डोळ्यांपुढे होतं.

दारातच दिनकर. "आलं वाचता?"

खोटं सोपं होतं. पुस्तक हातात दिलं असतं तर पोरीने अख्खं म्हणून दाखवलं असतं. 

"नाही," मी म्हटलं. "चौथीतल्या तुझ्या पोरीला अक्षर येत नाही. शाळेने पाहिलं नाही, तूही नाही. आता घरी बसवलीस तर जन्मभर दुसऱ्याला पाटी विचारत फिरेल. दर इतवारी मी नेणार."

 रामनगरहून काय आणलंत म्हणाल, तर ही धास्ती: पोर वाचतंय की नुसतं पाठ म्हणतंय? ती अजून माझ्याजवळ आहे. तुम्हीही निघण्याआधी घरातल्या पोराला एक न पाहिलेलं पान वाचायला द्या.

शाळा बंद करायचं दिनकरने पुन्हा काढलं नाही; एवढंच म्हणाला, "नदी चढतेय, आई."

"चढू दे. लवकर निघू."