पप्पांच्या बससाठी ग्राफिक्स कार्ड

"गेली!" पप्पा ओरडले, आणि बस खरंच गेली. कठडा तोडून, झाडं मोडून, चाळीस प्रवाशांसकट दरीत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली आणि पप्पांनी स्टीअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. त्या आठवड्यातली ती बारावी बस होती.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं, त्यातली निम्मी कन्नडच्या घाटात, आणि गाडीला एक ओरखडा नाही. ही माहिती आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी मिळते. रिटायर झाल्यावर ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. मागच्या वर्षी उजवा हात जरा थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काळजीचं काही नाही. पण पप्पांनी त्याच संध्याकाळी व्हॅनची किल्ली मालकाला नेऊन दिली. "लेकरांची गाडी हाय," एवढंच बोलले. मग गॅलरीत बसायचं आणि खालून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून ड्रायव्हरांना शिव्या घालायच्या, हे काम त्यांनी हाती घेतलं. "तिसरा टाक की येड्या! तिसरा!" दिवसभर हेच. मी वाळूजला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. संध्याकाळी दमून घरी आले की मलाही तेच ऐकायला लागायचं.

म्हणून मी ऑफिसातल्या एकाकडून जुनं गेमिंगचं स्टीअरिंग आणलं, खाली पॅडल असलेलं, आणि बस चालवायचा गेम घरच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. कुणा हौशी पोरांनी त्यात आपल्याकडचे रस्ते बनवून घातलेत. एक घाट तर हुबेहूब कन्नडचा. पप्पांनी तो पाहिला, उठले, बाहेर जाऊन चप्पल घालून आले आणि घरात चप्पल घातली म्हणून मम्मी ओरडायच्या आत म्हणाले, "अनवाणी ब्रेक मारायची सवय नाय मला."

पण माझा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या वेळचा. सरळ रस्त्यावर बरा चालायचा, वळण आलं की चित्र अडकायचं. सुटायचं तेव्हा बस हवेत असायची. मी शंभर वेळा सांगितलं, पप्पा, मशीन हँग होतंय. ते ऐकून घ्यायचे आणि हाताकडे बघायचे. बाराव्या बसनंतर म्हणाले, "मशीनला नको बोलू माय. हातच गेला माझा." स्टीअरिंगवर टॉवेल टाकला आणि गॅलरीत जाऊन बसले. खालून एक गाडी कण्हत गेली, चुकीच्या गिअरमध्ये, मलासुद्धा कळलं. पप्पा काहीच बोलले नाहीत.

मला असा राग आला म्हणून सांगू! एकतीस वर्षं एक ओरखडा नाही, आणि एक सडका डबा माणसाला सांगणार की तू संपलास? माझ्याकडे बोनसचे पस्तीस हजार होते. मी तिथल्या तिथं ठरवलं, पस्तीस हजारात ह्या डब्याचं पोट बदलायचं, पप्पांना वळणावर न अडकणारा घाट द्यायचा, आणि हात गेलाय का मशीन गेलंय ते एकदाच बघून घ्यायचं.

पुढचे पंधरा दिवस मी ठार वेडी होते. कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओ, जेवताना व्हिडिओ, भांडी घासताना नळावर टेकवून व्हिडिओ. मला ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि पाचव्या दिवशी मी अनोळखी लोकांशी इंटरनेटवर भांडत होते. डिस्पॅचच्या चलनावर मालाच्या रकान्यात मी एका प्रोसेसरचं नाव लिहिलं, आणि साहेबांनी न बघता सहीपण ठोकली. याद्या किती केल्या म्हणता! चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं तर प्रोसेसर लंगडा उरायचा. प्रोसेसर बरा घेतला तर कार्ड असं यायचं की बसच्या काचा पुसल्याच नाहीत असं वाटावं. आणि रॅमचे भाव! वैजापूरच्या कांद्याचे बरे म्हणायचे. सकाळी पाहिलेला भाव संध्याकाळी सापडायचा नाही. मी चिडायचे, यादी फाडायचे, आणि पाच मिनिटांनी हसत हसत नवी करायला बसायचे. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती, खरं सांगते.

शेवटी ठरलं. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड जुनेच. बोर्ड नवा, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड, रॅमची एक पट्टी आत्ता आणि एक पुढं कधीतरी. वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो जुनाच ठेवायचा. त्यातून वाचलेल्या पैशात रंगीत लाइटचे पंखे. हो, मला लाइट पाहिजे होते. जांभळे.

पप्पांना मी नुसतं "पिशवी धरायला चला" म्हणून नेलं. पैठण गेटजवळच्या एका गल्लीत एवढंसं दुकान. दुकानदार माझ्याच वयाचा, मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा. त्यानं काउंटरवर तीन कार्डं मांडली आणि सगळ्यात मोठं पुढं सरकवलं. "ताई, हे घ्या. फिर देखो, एकदम मक्खन."

पप्पांनी कार्डावर हात पसरला. अंगठा एका टोकाला, करंगळी पुढं, मग परत बोटं. "एक वीत पाच बोटं. बसत नाय."

"चाचा, ये कार्ड है, कपडा नै!"

"घरचा डबा मोजून आलो मी. आत एक वीत चार बोटं जागा हाय."

पिशवी धरायला आलेला माणूस घरून माप घेऊन आला होता! मला कळलंच नाही कधी मोजलं ते. दुकानदारानं हसत हसत टेप काढला, कार्ड मोजलं, माझ्या मोबाइलवर कॅबिनेटची माहिती पाहिली आणि त्याचं हसू थांबलं. कार्ड खरंच बोटभर जास्त लांब होतं. ते आणलं असतं तर मी ते छातीशी धरून रडत बसले असते. त्यानंतर तो पप्पांना चाचा म्हणेना, उस्ताद म्हणायला लागला.

उस्तादांना मग चेव चढला. "हा एसएमपीएस का काय, ह्याचं काम काय?"

"सगळ्यांना करंट पुरवतो," मी म्हणाले.

"आन तो जुनाच ठेवणार तू? समदी गाडी नवी आन डिझेल पंप सडका? उतर खाली गाडीतून."

"पप्पा, बजेट आहे! तो नवा घेतला तर लाइट जातात."

"लाइट कशाला पाहिजेत? वरात काढायची का बसची?"

दुकानदार म्हणाला, "उस्ताद बराबर बोल रहे, ताई." मी दोघांकडे रागानं बघितलं. बाजूला जाऊन मनातल्या मनात जांभळ्या रंगाचा निरोप घेतला आणि नवा एसएमपीएस घेतला. कार्डही एक पायरी खालचं, वितीत बसणारं. सेकंडहँड प्रोसेसरबरोबर त्याला थंड ठेवणारा पंखा नव्हता, म्हणून एक नवा कूलर. पस्तीस हजारातले दोनशे वीस उरले, त्याचं आम्ही मस्तानी आइस्क्रीम खाल्लं. पप्पा बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं बोलत होते, आणि मी तर हवेतच होते.

आता पुढचं सांगायच्या आधी आमच्या घराचा एक कायदा सांगितला पाहिजे. आमच्याकडे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. पप्पांचा नियम. कव्हर काढलं की वस्तू जुनी झाली. आमच्या फ्रिजवर अकरा वर्षांपूर्वीची निळी फिल्म आहे. रिमोट पिशवीत आहे, मिक्सरच्या बटणांवर फिल्म आहे, मम्मीच्या शिलाई मशीनचा स्टिकर शाबूत आहे. मी ह्यावरून पप्पांची आयुष्यभर टर उडवली आहे, हे लक्षात ठेवा.

शनिवारी दुपारी बसवायला घेतलं. मम्मीनं सगळे खोके आधी बुद्धमूर्तीसमोर ठेवून वंदना घेतली, मग माझ्या ताब्यात दिले. फिटिंगचे पैसे वाचवायचे म्हणून मीच मेकॅनिक. पप्पा एकेक वस्तू हातात देत होते आणि मी मोबाइलवर बघून लावत होते. कूलर आला. त्याचा खालचा भाग प्रोसेसरवर टेकतो, मध्ये थोडी पेस्ट लावतात, म्हणजे गरमी नीट वर जाते. त्या खालच्या भागावर पारदर्शक फिल्म होती. तिचा एक कोपरा सुटला होता. मी काय केलं? तो कोपरा अंगठ्यानं नीट दाबून परत चिकटवला. विचारसुद्धा आला नाही. वर पप्पा म्हणाले, "हां, जपून." मी पेस्ट लावली आणि कूलर घट्ट बसवला.

रविवारी सकाळी मशीन सुरू झालं. चित्र आलं! मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू दारात आल्या. पप्पा येऊन बसले. घाट उघडला, बस निघाली, पंखा घोंघावायला लागला, आणखी घोंघावला, आणि पहिल्या वळणाच्या आधीच सगळं काळं झालं. परत लावलं, परत बंद. तिसऱ्यांदा तर बस डेपोतूनच हलली नाही.

पप्पा हळूच म्हणाले, "राहू दे माय. तुझे पैसे गेले माझ्यापायी."

सुट्टीचा दिवस असूनही मी दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला आणि हॅलो न म्हणता भांडायलाच सुरुवात केली. सडका माल दिला, फसवलं, उद्या दुकानात येऊन तमाशा करते. त्यानं बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, पहले कूलर खोलो. नीचे का दिखाओ."

मी खोललं. फोन खाली धरला.

"ताई... प्लास्टिक नै निकाला?"

मी बघते तर फिल्म! पेस्टीखाली, शहाण्यासारखी, चारही कोपरे नीट चिकटलेली. तिच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आधी मला काढा. पलीकडे तो इतका हसला की फोन त्याच्या हातातून पडला आणि आम्हाला त्याच्या घरचं छत दिसायला लागलं. मम्मी ओट्याला टेकून, पोट धरून, डोळे पुसत हसत होती. "बापाची लेक! अगदी बापाची लेक!" पप्पांना आधी कळेना. मी समजावलं की फिल्ममुळं प्रोसेसर उकडून निघत होता. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "म्हंजे काही ठिकाणी काढायची असती." एवढं ऐकलं मात्र, मम्मी तडक फ्रिजकडे गेली, आणि अकरा वर्षांची निळी फिल्म टर्रकन वरपासून खालपर्यंत ओढून काढली. "अगं! अगं!" पप्पा ओरडत राहिले. आत फ्रिज चक्क मरून रंगाचा निघाला. आम्ही तिघं त्याच्यासमोर उभं राहून, एकमेकांना धरून, दम लागेपर्यंत हसलो.

मग मी फिल्म काढली, पुसलं, नवी पेस्ट लावली, सगळं परत बसवलं. पप्पा बसले. घाट उघडला.

पहिलं वळण. चित्र अडकलं नाही. बस अशी अलगद वळली की माझ्या अंगावर काटा आला. दुसरं. तिसरं. मी नाचायला लागले, मम्मी पिठाच्या हातांनी येऊन उभी राहिली. आणि चौथ्या वळणावर, त्या अवघड इंग्रजी यू सारख्या वळणावर, बस कठडा तोडून गेली दरीत.

मशीन अडकलं नव्हतं. मी पडद्याच्या कोपऱ्यातला चित्राच्या वेगाचा आकडा बघत होते, तो हललासुद्धा नव्हता. आता कुणावर ढकलायचं? मी केलं काय हे, पस्तीस हजार घालून माणसाला पुरावा आणून दिला?

"पप्पा, तिथं बहुतेक जरा..."

"गप. अडकलं नव्हतं ना?"

मला खोटं बोलायचं होतं. "नाही," मी म्हणाले.

"मलाबी तसंच वाटलं." ते हाताकडे बघत होते. मग वर बघितलं तर चेहऱ्यावर हसू! "हात थरथरला म्हणून मी पकड आवळली, म्हणून वळवायला उशीर झाला. म्हंजे जरा आधी वळवायला पाहिजे. मशीनची चूक व्हती तवर मला कायच करता येत नव्हतं, माय. ही माझी हाय. माझी चूक मला सुधारता येती."

आणि परत डेपोतून बस काढली. त्या दुपारी पप्पांनी त्याच वळणावर आणखी सहा बस दरीत घातल्या, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त खुशीत. "थोडं अजून आधी! व्हय, व्हय, आता कळलं!" पोळ्या गार झाल्या, कुणाला पर्वा नव्हती. पुढची बस चौथं वळण घेऊन, पाचवं घेऊन, खाली सपाटीवर आली. मी आणि मम्मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. मी रडतही होते, लपवत नाही.

पप्पांनी बस कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला.

"बघ," ते म्हणाले, "थरथरतोय. तरी आणली."