अक्कांच्या कपाचा काठ

"आधी पी पा, मग बोल."

अक्कांच्या दारात पाय ठेवला की हे वाक्य कानावर पडायचंच; 'पा' म्हणजे तमिळमधलं आपलं 'बाबा'. तुम्ही कप विकत घ्यायला आलेले असा, विजेचं मीटर वाचायला आलेले असा, नाहीतर दुसऱ्याच्या घरी जाताना चुकून इकडं वळलेले असा. फिल्टर कॉफीने भरलेला मातीचा कप तुमच्या हातात यायचा आणि अक्का चिखलाचे हात कमरेवर ठेवून समोर उभ्या राहायच्या. एकदा आमच्या इमारतीत चोर शिरला. तो सापडला तेव्हा त्याच्या हातात अक्कांचा कप होता आणि तो आणखी थोडी साखर मागत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण वॉचमन शपथेवर सांगतो, आणि तो माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो.

कप हातात आला म्हणजे प्यायला मोकळे झालात, असंही नाही. "ओठ लावूं नको. वरून." मान मागे, तोंड उघडं, कप वीतभर उंच आणि धार थेट घशात. इकडे तमिळ मुलखातल्या जुन्या घरांतली ही रीत. भांड्याला ओठ लागला की ते उष्टं, आणि अक्कांच्या दारात उष्टं चालत नसे. मी सांगलीचा; आमच्याकडे चहा बशीत ओतून असा ओढतात की शेजारच्या गल्लीत ऐकू जावा. माझी पहिली कॉफी नाकात गेली. दुसरी शर्टाच्या खिशात गेली, जिथे माझा फोन होता. तिसरीपासून जमू लागलं, आणि महिन्याभरात मी असा पटाईत झालो की कारखान्याच्या कँटीनमध्ये लोक माझं कॉफी पिणं बघायला जेवण सोडून उठायचे.

आमची इमारत वेलचेरीत. मी वरच्या मजल्यावर, मोटारींच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला. अक्का तळमजल्यावर. नोकरीतून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, एकुलती लेक तांबरमला. पार्किंगमधल्या त्यांच्या जागेत लोक गाडी उभी करतात तिथे त्यांनी कुंभाराचं चाक बसवलं होतं, मागे मातीची पोती, आणि भिंतीला टेकून एक विजेची भट्टी. भट्टी लागली की आमच्या घरातले दिवे मंद व्हायचे, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबून विचार करायची. सोसायटीच्या सेक्रेटरीने तक्रार केली तर अक्कांनी त्यालाच एक कुंडी भेट दिली. त्या दिवसापासून भट्टी लागली की तो बायकोला सांगायचा, आपल्या भागात व्होल्टेज कमीच आहे.

त्या तंजावरच्या. त्यांचे पूर्वज कधी काळी आपल्याकडून तिकडे गेले आणि सोबत नेलेली मराठी त्यांनी तिथे तशीच जपून ठेवली, मधून मधून तमिळ घालून. अक्का बोलू लागल्या की कोणीतरी घोड्यावरून उतरून खलिता वाचतोय असं वाटायचं, आणि वाक्य संपता संपता तो माणूस शेअर ऑटोत बसून निघून जायचा. मला त्या 'पुणेकर' म्हणत. मी सांगलीचा, असं मी कितीदा सांगितलं.

"एकच तें," त्या म्हणायच्या. "आम्ही पुढें आलों. तुम्ही सगळे मागें राहिलांत."

धंदा त्यांना शिकवला कोणी, तर कोणीच नाही. निवृत्तीनंतर कुठल्याशा शिबिरात चार दिवस चाकावर बसल्या आणि परत येताना चाकच विकत घेऊन आल्या. पहिल्या वर्षीचे कप असे होते की टेबलावर ठेवले तर कुठल्या बाजूला कलंडतील यावर वरच्या मजल्यावरची मंडळी पैजा लावायची. पण माणूस चिवट. वेलचेरीत पाणी भरलं त्या पावसात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं, वाळत ठेवलेली सगळी कच्ची भांडी विरघळून त्यांचा लगदा झाला. लोक आपल्या गाड्यांकडे बघून रडत होते. अक्का साडी खोचून पाण्यात उतरल्या आणि घमेल्याने तो लगदा गोळा करू लागल्या.

"अक्का, सगळं गेलं की," मी म्हणालो.

"कुठें गेलें? इथेंच तर आहे," त्या म्हणाल्या. "मातीच होती, मातीच आहे. परत मळूं."

हळूहळू कप सरळ उभे राहू लागले. मग सुंदर दिसू लागले. निळसर करड्या झिलईचे, हातात घेतले तर आपोआप बोटं बसावीत असे. आणि त्यांचा काठ तर विचारूच नका. पितळी गिलासाला असतो तसा बाहेर मुरडलेला, पातळ. धार अशी सरळ पडायची की डोळे मिटून प्यावं, आणि कप सरळ केला की शेवटचा थेंब शहाण्यासारखा आत परत. आसपासच्या बायका, इकडे त्यांना मामी म्हणतात, या काठावर फिदा होत्या. आमच्या कारखान्यात कोणाची बदली झाली की भेट म्हणून अक्कांचाच कप जायचा. ते लोक त्यात पेनं ठेवायचे. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर सगळं छान चाललं होतं, आणि अक्का चिखलावरून घसरून पडल्या.

हाड मोडलं नाही, पण पाठ धरली आणि बरेच दिवस झोपून काढावे लागले. लेक तांबरमहून लोकलने रोज यायची. स्वभावाने गोड मुलगी, पण गोड माणसं एकदा घाबरली की दगड होतात. अक्का बऱ्या झाल्यावर तिने माझ्यासमोरच आईला सांगितलं. "अम्मा, तू इथे एकटी. मला झोप लागत नाही. हे चार मामींना चार कप विकणं पुरे. पोंगलपर्यंत एखादं खरं दुकान तुझा माल ठेवायला लागलं तर मी गप्प बसते. नाही लागलं तर चाक देऊन टाकायचं आणि तू आमच्याकडे यायचं."

"सेरि," अक्का म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे.

त्या बाईने आयुष्यात एका शब्दात कधी उत्तर दिलं नव्हतं. लेक गेल्यावर त्या चाकापाशी गेल्या आणि कामाला न बसता नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या, जसा आपण बैलाच्या पाठीवर ठेवतो.

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात दिसेल त्याला अक्कांचं नाव सांगत सुटलो. माझं बोलणं तुम्ही ऐकताच आहात. मी असं वर्णन केलं की एकाला वाटलं वेलचेरीत सोन्याचे कप मिळतात. त्याच्या ओळखीची एक मुलगी नुंगंबाक्कमला कॅफे चालवायची. ती आली. अक्कांनी कॉफी दिली. "ओठ लावूं नको," हे तमिळमध्ये बजावलं. मुलगी इकडचीच, आजीच्या हाताखाली वाढलेली. झकास वरून प्यायली, काठाकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "आंटी, एक पेटी द्या. आठवडाभर वापरून बघते. गिऱ्हाइकांना आवडले तर सगळ्या कॅफेला तुमचेच कप."

तो आठवडा अक्का जमिनीवर नव्हत्या. मला विचारायच्या, नुंगंबाक्कमचे लोक कॉफीत साखर किती घालतात.

आठवड्याने मुलगी परत आली. पेटी तिच्या हातात होती.

"आंटी, कप फार सुंदर आहेत," ती म्हणाली, आणि तिथेच मला कळलं. "पण गळतात."

"माझा कप गळत नाही," अक्का म्हणाल्या. पाणी भरून कप खाली ठेवला. थेंब नाही.

"ठेवल्यावर नाही. पिताना. सगळ्यांच्या हनुवटीवरून खाली येतं. एकाला मुलाखतीला जायचं होतं, पांढरा शर्ट होता."

अक्कांनी तिच्याकडे असं बघितलं की मी तिच्या जागी असतो तर पेटी घेऊन पळालो असतो. "त्यांची तोंडें बिघडलीं आहेत," त्या म्हणाल्या.

मुलगी चांगली होती, पळाली नाही. तिने एका कपात पाणी घेतलं आणि, अक्कांच्या दारात, अक्कांच्या देखत, त्याला ओठ लावून एक घोट घेतला. दोन्ही बाजूंनी पाणी ओघळून तिच्या दुपट्ट्यावर आलं. तो मुरडलेला काठ खालच्या ओठावर बसतच नव्हता. वरून पिणाऱ्याला स्वर्ग, आणि ओठाने पिणाऱ्याला गळकं छप्पर.

मंडळी, आता विचार करा. या बाईने हजारो कप केले. प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर उभं करून पाजलं. पण सगळ्यांना वरूनच. मामी वरून प्यायच्या, मी वरून प्यायचो, आणि आमच्या कारखान्यातले कप पेनांनी भरलेले. आणि स्वतः अक्कांनी तर जन्मात कशाला ओठ लावला नव्हता. पोहायला शिकवणाऱ्याने कधी पाण्यात पाय घातला नसावा, तसली गत.

"पोंगलच्या आधी नवे करून दाखवाल का?" मुलीने विचारलं; लेकीची अट मी तिच्या कानावर घातलेली होती. "मी थांबते तोवर."

मग तपासणीचं काम माझ्याकडे आलं. माझा तर हा पेशाच. अक्का रोज नवा काठ करायच्या, भाजायच्या, मला द्यायच्या आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, कारण बघवत नसे. मी प्यायचो.

"कसें?"

"छान."

"काल पण छान म्हणालास."

"कालचा पण छान होता."

शेवटी त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. मला मिशी आहे. साधीसुधी नव्हे, हिच्या एका टोकाला पाखरू बसलं तर दुसऱ्या टोकाला कळत नाही. जे काही ओघळत होतं ते सगळं ती टिपून घेत होती, त्यामुळे शर्ट कोरडा आणि माझा अहवाल उत्तम.

"जा तूं," अक्का म्हणाल्या. "तुझ्या मिशीने माझा धंदा बुडेल."

पोंगल जवळ आला. एके सकाळी, कामवाली यायच्या आधी, त्यांनी मला खाली बोलावलं. हातात कॉफीचा कप. चेहरा असा, जसा दात काढायला निघालेल्या माणसाचा.

"तिकडें तोंड कर," त्या म्हणाल्या. "जाऊं नको. पण बघूं नको."

मी विजेच्या मीटरांकडे तोंड करून उभा राहिलो. मग त्यांचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता, एकदम लहान झालेला.

"आई, थोडा वेळ तूं पण तिकडें बघ."

मला वाटलं कोणी आलं. मग लक्षात आलं. त्यांची आई जाऊन इतका काळ लोटला होता की भिंतीवरच्या फोटोतसुद्धा ती पुसट झाली होती. मी मीटरांचे आकडे वाचत राहिलो. सेक्रेटरीचं बिल जास्त येणार होतं.

एक बारीक सुर्र ऐकू आलं. लगेच, "अय्यो."

"काय झालं अक्का?"

"पोळलें." मग म्हणाल्या, "वरून ओततांना वारा लागतो कॉफीला. इथें वारा नाही."

पुन्हा सुर्र. मग त्या बोलू लागल्या, पण माझ्याशी नव्हे, कपाशी. "खालचा ओठ काय करतो तें मला ठाऊकच नव्हतें. बसायला येतो बिचारा, आणि मी त्याला जागाच ठेवली नाही."

मी वळलो तेव्हा त्यांनी चूळ भरली होती, तोंड धुतलं होतं आणि चाक फिरू लागलं होतं. दोन बोटं काठावर, तो मुरडलेला काठ सरळ होत होता, किंचित आत वळत होता, गोल होत होता. डोळ्यांत पाणी होतं का, मला दिसलं नाही. हनुवटीवर कॉफीचा एक ओघळ राहून गेला होता. मी सांगितलं नाही.

कॅफेवाली आली त्या दिवशी अक्कांनी तिच्या हातात कप दिला आणि त्या दारात आजवर कोणी न ऐकलेलं वाक्य ऐकू आलं. "ओठ लाव."

मुलगी प्यायली. दुपट्टा कोरडा. ती दुसरा घोट प्यायली, आणि मग तिसरा, आणि कप रिकामा झाल्यावर म्हणाली, "आंटी, किती लवकर होतील?"

पोंगलला लेक आली, मनाची तयारी करून आलेली. कॅफेची बातमी ऐकली, आईला मिठी मारली आणि हसून म्हणाली, "जा, जिंकलीस. चाक राहू दे इथे."

"इथें राहणार नाही," अक्का म्हणाल्या. "जागा पुरत नाही. तुझ्या तांबरमकडे शेड मिळते का बघ. तुझ्या घराजवळ असेल तर बरें, दुपारीं जेवायला येईन."

लेकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वरून कॉफी ओतता आली असती.

अक्का गेल्या तो दिवस आमच्या इमारतीने सुतकासारखा पाळला. चाक छोट्या टेंपोत चढलं, त्याच्या शेजारी अक्का, आणि ड्रायव्हरला खड्डे कसे चुकवायचे याचं व्याख्यान वळणापर्यंत ऐकू येत होतं. त्यांच्या जागेत आता कोणाची तरी पांढरी मोटार उभी असते. दिवे मंद होत नाहीत, लिफ्ट न थांबता वर जाते, आणि सेक्रेटरी हल्ली म्हणतो, इमारतीत काही राम राहिला नाही.

मागच्या महिन्यात मी तांबरमला गेलो. लांबलचक शेड, तीन बायका कामाला, लेक कप कागदात गुंडाळत बसलेली. अक्का दिसेनात.

"अम्मा आत आहे," लेक म्हणाली. "तपासणी चाललीय."

शेडच्या कोपऱ्यात दोरीवर एक जुनी साडी पडद्यासारखी टाकलेली होती. प्रत्येक भट्टीतला एक कप अक्का तिथे घेऊन जातात आणि काठ बघतात. त्या वेळी आत कोणी जायचं नाही, हाक मारायची नाही. "तें कामापुरतें," असं त्यांनी सगळ्यांना बजावलंय. घरी त्या अजून वरूनच पितात.

मी एका पोत्यावर बसलो. पडद्यामागून सुर्र आलं. मग आणखी एक, सावकाश. मग जरा वेळ काही नाही, आणि पुन्हा एक, अगदी निवांत. मी तपासणी खात्यातला माणूस. काठ बरोबर आहे की नाही हे एका घोटात कळतं, फार तर दोन. कामाच्या तिन्ही बायका माना खाली घालून माती मळत होत्या. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही सगळे थांबलो. पडद्यामागे कॉफी अजून संपायची होती.